मॉलच्या दारात माजी सैनिकांना ध्वजदिन निधी गोळा करू देत नाहीत, काय करता येईल?

फौजीची_लेक:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, मराठा लाईट इन्फंट्रीतून रिटायर झाले, ७१ च्या लढाईत जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते. आता पंचाहत्तरी ओलांडलीये तरी दर डिसेंबरला संघटनेतल्या जोडीदारांना घेऊन ध्वजदिन निधी, म्हणजे माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठीची वर्गणी, गोळा करायला बाहेर पडतात. २०२५ ला ७ डिसेंबर, म्हणजे ध्वजदिन, नेमका रविवारी आला म्हणून आप्पा आणि अजून दोघं शहरातल्या एका मॉलच्या दारात उभे राहिले, अंगात ब्लेझर, छातीवर मेडलं, हातात सैनिक कल्याण कार्यालयाचा सील केलेला डबा. थोड्या वेळात मॅनेजर आला नि म्हणाला की आमची पॉलिसी आहे, आवारात कुठलीही वर्गणी चालत नाही, गेटच्या बाहेर जा. गेटच्या बाहेर म्हणजे हायवेचा सर्व्हिस रोड, तिथे फुटपाथसुद्धा नाही हो. आणि आत सरकत्या जिन्यापाशी क्रेडिट कार्डवाल्यांचं टेबल होतं, ती पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून फॉर्म भरून घेत होती, ते चालतं कारण ते जागेचं भाडं भरतात. आप्पा काही बोलले नाहीत, डबा घेऊन निघाले, घरी आल्यावर जेवलेपण नाहीत. मला विचारायचंय की मॉलला असं करता येतं का? आणि येत्या डिसेंबरसाठी आधीपासून काय तयारी करावी?

जुना_कारकून:
ताई, वाचून वाईट वाटलं. मी कलेक्टर कचेरीत नोकरी केली, ध्वजदिनाचं काम हाताखालून गेलंय म्हणून सांगतो. मॉल खासगी जागा आहे, तिथे उभं राहायला मालकाची परवानगी लागते, ते नाही म्हणाले तर कायद्याने जबरदस्ती करता येत नाही. पण अडतं ते बहुतेक वेळा कागदावर. दारातल्या मॅनेजरच्या हातात काही नसतं, त्याला वरून विचारावं लागतं आणि रविवारी वर फोन कोण उचलणार! म्हणून ऑक्टोबरातच जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांकडून मॉल व्यवस्थापनाच्या नावाने पत्र घ्या, त्यात तारीख, वेळ, कोण उभं राहणार त्यांची नावं आणि माजी सैनिक ओळखपत्राचे नंबर टाका, त्यांच्याकडून पोच घ्या. जिल्ह्याला निधीचा इष्टांक असतो, तो पूर्ण करायची जबाबदारी कलेक्टरसाहेबांवर असते, त्यामुळे पत्र द्यायला कार्यालय आढेवेढे घेणार नाही. डबा कधी, कोणासमोर उघडणार तेही पत्रात लिहा, समोरच्याची निम्मी शंका तिथेच मिटते.

स्टोअर_मॅनेजर:
मी दुसऱ्या शहरात मोठ्या दुकानात मॅनेजर आहे, राग मानू नका पण आमची बाजू पण ऐका. महिन्यात कितीतरी जण डबा घेऊन येतात, अनाथाश्रम, गोशाळा, आजारी मुलाचा फोटो, त्यातले खरे किती ते आम्हाला कसं कळणार? मागे एकाला उभं राहू दिलं तर संस्था खोटी निघाली आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडलं. एकाला हो म्हटलं की दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही म्हणून वरूनच सरसकट बंदी. पण काकांशी जे झालं ते चूकच. निदान खुर्ची देऊन, पाणी विचारून, कोणाशी बोलायचं तो नंबर द्यायला हवा होता. आणि एक, कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या (कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या) यादीत माजी सैनिक, वीरपत्नी आणि त्यांच्या कुटुंबांसाठीचं काम येतं, त्यामुळे पत्र दुकानाला नाही तर हेड ऑफिसच्या सीएसआरवाल्यांना टाका. तिकडून मेल आला तर मीच टेबल लावून देईन.

लेस्टरकर:
इकडे ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटापासून ११ नोव्हेंबरपर्यंत स्टेशनवर, सुपरमार्केटच्या दारात म्हातारे सैनिक कागदी पॉपीची फुलं घेऊन निधी गोळा करायला बसलेले दिसतात, रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संस्थेचं हे काम १९२१ पासून चालू आहे. इथेही खासगी जागेत मालकाला विचारावंच लागतं, पण ते ठरतं आधी, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला दारात उभं राहून वाद घालायची वेळ सहसा येत नाही. आपल्याकडेही ध्वजदिन १९४९ पासून आहे, शाळेत असताना लाल, गडद निळा आणि आकाशी रंगाचा तो झेंडा आम्ही खिशाला टाचणीने लावायचो. आता भावाच्या मुलांना विचारलं तर त्यांना माहीतच नाही.

हवालदार_निवृत्त:
काकांना माझा जय हिंद सांगा. लोकांना वाटतं फौजीला पेन्शन असते मग डबा कशाला. पंधरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत घरी आलेल्या जवानाला सर्व्हिस पेन्शन नसते. अशा हवालदार आणि त्याखालच्या माणसाला किंवा त्याच्या विधवेला, वय ६५ च्या पुढे गेलं आणि उत्पन्न काहीच नसलं तर ध्वजदिन निधीतून महिन्याला ४,००० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२५ पासून ते ८,००० केलेत. मुलीच्या लग्नाला, पोरांच्या शिक्षणाला मदत जाते तीही यातूनच. माझ्या गावात एक आजी आहेत, नवरा सातव्या वर्षी आजारपणाने घरी आला, ह्या पैशांवर त्यांचं औषध आणि किराणा चालतो. मॅनेजरला हे सांगितलं असतं तर कदाचित तो वेगळा वागला असता, कदाचित नसताही, पण सांगायला तरी पाहिजे. डब्यावरच मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की पैसा कोणाला जातो. आणि देणगीला आयकरात सवलत आहे, पावती पुस्तक सोबत ठेवा, दुकानदार लोक त्यावर पटकन मोठी रक्कम देतात.

फौजीची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. आप्पांना सगळं वाचून दाखवलं. ते आधी म्हणत होते की आता कुणाच्या दारात जायचं नाही, पण त्या आजींचं ऐकल्यावर गप्प बसले आणि मग म्हणाले पत्राचा मसुदा तू लिही, सही आम्ही तिघं करतो. जुना_कारकून काका, हेड ऑफिसला पत्र संघटनेच्या लेटरहेडवर चालेल का सैनिक कल्याण कार्यालयाचंच लागेल?

जुना_कारकून:
कार्यालयाचंच घ्या, संघटनेचं त्याला जोडा. आणि एसटी स्टँड, बाजार समिती, साखर कारखाना यांनाही त्याच वेळी पत्रं टाका, कारखान्यात तेव्हा गळीत हंगाम असतो, माणसांची वर्दळ मॉलपेक्षा जास्त.