मदत हवी आहे: स्वतःचं पॅटर्न शॉप टाकायचंय, पण रेट काढता येत नाही

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात उद्यमनगरात एका पॅटर्न शॉपमध्ये सोळा वर्षं काम करतोय. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी: फौंड्रीत बीड (ओतीव लोखंड) ओतायच्या आधी वाळूत ज्याचा ठसा घेतात, तो नमुना म्हणजे पॅटर्न. पंपाचं केसिंग असो, व्हॉल्व्हची बॉडी असो की गुऱ्हाळाच्या चरख्याचा पार्ट, आधी तो आमच्याकडं सागवानात होतो.

वडील सुतार. रंधा-पटाशी त्यांच्याकडून आली, ड्रॉइंग वाचायला मालकांनी शिकवलं. घरामागं पत्र्याचं शेड आहे, साठवलेले दोन लाख आहेत. बायको म्हणते टाका, आई म्हणते बांधलेला पगार सोडू नको. दोघींचंही पटतंय हीच पंचाईत.

दिवाळीआधी मालकांना न सांगता एक काम घरी केलं. दोन भागांचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे कास्टिंगच्या आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा ज्यात करतात ती पेटी. ९ हजार सांगितले. लाकूड, प्लाय, रंग मिळून अडीच हजार धरले आणि चार दिवसांत उरकेल असं वाटलं. लागले अकरा. त्यात घोळ असा झाला की याच्यावरून आधी ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायचा आणि त्यावरून बीड, हे मला नंतर कळलं. थंड होताना बीड आटतं मीटरला साधारण १० एमएम, ॲल्युमिनियम १३. म्हणजे लाकडात दोन्ही मिळून २३ धरायला पाहिजेत. मी नुसती बीडाची आटणी धरलेली. ४०० एमएमची फ्लँज पाच एमएमनं कमी भरली, सगळी पुन्हा केली. चूक माझीच. पण शॉपमध्ये गिऱ्हाइकाला हे प्रश्न मालक विचारतात, माझ्यापर्यंत नुसतं ड्रॉइंग येतं. तेव्हा कळलं, सोळा वर्षांत मी निम्माच धंदा शिकलोय.

बिल देऊन अडीच महिने झाले. फोन केला की "शनिवारी या". शनिवारी गेलं की चहा मिळतो.

तर रेट काढायचा कसा, पैसे अडकू नयेत म्हणून काय करायचं, आणि मालकांची गिऱ्हाइकं आपणहून आली तर घ्यायची का, हे सांगा. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, रेझिन बोर्डातून पॅटर्न निघायला लागलेत. अशात हातकामात उडी मारणं शहाणपणाचं आहे का, हेही मोकळेपणानं सांगा. वाईट वाटणार नाही.

प्रतिसाद १
मी शिरोलीच्या एका फौंड्रीत खरेदी बघतो, म्हणजे पैसे लटकवणाऱ्यांतलाच. कास्टिंगला लागणारा कच्चा माल रोज लागतो, म्हणून त्याचे पैसे निघतात. पॅटर्न एकदा गेटच्या आत आला की तुमची गरज संपली. त्यामुळं निम्मे आधी घ्या आणि उरलेले मापं तपासून पॅटर्न उचलताना. थोडी रक्कम सॅम्पल पास होईपर्यंत मागं ठेवू देत, पार्टीला भरवसा वाटतो. कोटेशनवर धातू कुठला, पॅटर्न थेट मोल्डिंगला की मास्टर (ज्यावरून आधी धातूचा पॅटर्न ओततात), मशिनिंगला मटेरियल किती सोडायचं, हे लिहून त्यावर सही घ्या. सही असती तर फ्लँजचे पैसे तुम्हाला मागता आले असते.

प्रतिसाद २
कर सल्लागार आहे. आधी उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत आणि मार्चअखेरही उलटली तर तो खर्च समोरच्याला त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. फौंड्रीचा सीए मार्चमध्ये याच भीतीनं पेमेंटं काढायला लावतो. स्वतःचा माल विकत असाल तर जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाख. पण बेळगावच्या फौंड्रीला पॅटर्न दिलात की तो राज्याबाहेर गेला, मग उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. आपल्याकडच्या पोरांना बेळगाव परकं वाटत नाही आणि तिथंच फसतात.

प्रतिसाद ३
तीस वर्षं हेच करतोय. रेटचं म्हणशील तर वही घाल. आज कशाला किती तास गेले, रोज लिही. पगार २६ दिवसांत आणि आठ तासांत वाटून तासाला किती पडतो बघ आणि त्याच्या दुप्पट लाव. लाकूड आणायला, ड्रॉइंग समजून घ्यायला आणि तुझ्या त्या शनिवारच्या चहाला जाणारा वेळ कोण देतो?

सुरुवात रिपेअरिंगनं कर. झिजलेले पॅटर्न, मोडलेले लूज पीस (पॅटर्नचे सुटे तुकडे), उडालेला रंग. छोटी कामं, पैसे रोख, आणि फौंड्रीत पाय पडतो. व्हीएमसीला भिऊ नको, पण त्याच्याशी टक्करही घेऊ नको. गुऱ्हाळवाला चरख्याचा तुटलेला तुकडा पोत्यात घालून आणतो. त्याच्याकडं ना ड्रॉइंग, ना थ्रीडी फाइल. झीज किती झाली असेल याचा अंदाज घेऊन मूळ माप काढावं लागतं. ते काम तुझं.

आणि मालकांना सांगितलं नाहीस हे लई वंगाळ केलंस. उद्यमनगर केवढं, कळलंच असणार त्यांना. आधी जाऊन बोल, गिऱ्हाइकांचं मग बघू.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. काल मालकांशी बोललो. ते रंधा मारत होते, थांबले नाहीत. म्हणाले, "फ्लँजची आटणी चुकलास म्हणं." म्हणजे माहीत होतं. मग बराच वेळ गप्प. शेवटी हातातलं केसिंगचं काम पुरं करून जा म्हणाले. गिऱ्हाइकांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

वही कालपासून घातली. पेमेंट अजून आलेलं नाही, शनिवारी जाणार आहे. आणि कुणाकडं चालू स्थितीतला सेकंडहँड बँडसॉ असेल तर कळवा, सिंगल फेजवर चालणारा पाहिजे.