उटकटारी म्हणजेच मिल्क थिसल का?

पांझराकाठ:
नमस्कार. आम्ही साक्री तालुक्यातले. आबांच्या यकृतावर चरबी साठल्याचे सोनोग्राफीत दिसल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण एखादा तरी उपाय सांगून जातो. गेल्या आठवड्यात चुलतभावाने मोबाईलवर आलेला मजकूर वाचून दाखवला. मिल्क थिसल नावाच्या काटेरी झाडाचे बी यकृतावर रामबाण असून आपल्याकडे त्यालाच उटकटारी म्हणतात, असे त्यात होते. आमच्या मुरमाड माळावर आणि बांधांवर उटकटारी मुबलक आहे, म्हणून त्याने चित्र पाहून पिशवीभर बोंडे तोडून आणली आणि ती सध्या ओसरीत वाळत आहेत. आजीच्या सांगण्याप्रमाणे उटकटारीची मुळी पूर्वी अडलेल्या बाळंतिणीच्या कमरेला बांधत असत. यकृतासाठी कोणी ती दिल्याचे तिच्या ऐकण्यात नाही. हे बी दळून आबांना द्यावे का?

रानवाटा:
देऊ नये. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हा नावाचा घोळ दरवर्षी ऐकतो. मिल्क थिसलचे शास्त्रीय नाव सिलिबम मॅरिॲनम. ते मूळचे भूमध्य समुद्राच्या परिसरातले असून त्याची फुले जांभळी आणि पाने पांढऱ्या शिरांनी चितारल्यासारखी असतात. आपली उटकटारी म्हणजे एकिनॉप्स एकिनॅटस. दोन्ही सूर्यफुलाच्याच कुळातली आहेत, पण यकृताच्या संदर्भात ज्या सिलिमरिन या घटकाचे नाव घेतले जाते तो सिलिबमच्या बियांतला आहे. एकिनॉप्सच्या बियांत एकिनॉप्सिन नावाचे अगदी वेगळे अल्कलॉइड असते. हिंदीत ऊंटकटारा हे नाव काही विक्रेते मिल्क थिसललाही लावतात आणि तेच मराठी मजकुरात तसेच उतरते.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. चुलतभावाने चित्र पाहून झाड ओळखले, असे आपण लिहिता. पांढऱ्या शिरांची काटेरी पाने असलेले जे झाड खानदेशात बांधोबांधी, नदीच्या पात्रात आणि पडीक जमिनीत उभे असते ते बहुधा पिवळा धोत्रा असते, आणि तो विषारी आहे. पिशवीतली बोंडे कशी आहेत ते कृपया पाहावे. उटकटारीचे बोंड लिंबाएवढे, चेंडूसारखे गोल आणि सर्व बाजूंनी टोचणारे असते, तर पिवळ्या धोत्र्याचे बोंड लांबट असून टोकाकडून उकलते आणि आत मोहरीसारखे काळे, गोल बी असते. ताज्या झाडाची ओळख त्याहून सोपी आहे. देठ मोडताच पिवळाजर्द चीक आला तर तो धोत्रा समजावा. उटकटारीला असा चीक नसतो आणि तिचे पान उलटून पाहिले तर खालची बाजू कापसासारखी पांढरी, लवदार दिसते.

या धोत्र्याच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलात मिसळले गेल्याने 1998 साली दिल्लीत जलशोथाची, म्हणजे अंगावर सूज येणाऱ्या आजाराची, साथ आली होती आणि तीत साठाहून अधिक माणसे दगावली. त्या तेलातील सँग्विनरीन या विषारी द्रव्यामुळे पायांवर सूज येते, धाप लागते आणि हृदय निकामी होऊ शकते.

जुना बैलगडी:
रानवाटा सरांनी सांगितलेली चिकाची खूण आम्हीही लहानपणापासून वापरतो. उटकटारीबद्दल माझ्या माहितीत एवढेच आहे की बैलाच्या जखमेत किडे पडले की आमचे वडील मुळी वाळवून, कुटून ती भुकटी जखमेत भरत असत. उवांसाठी हीच भुकटी बाभळीच्या डिंकात कालवून डोक्याला लावत. पोटात घेण्याचे औषध म्हणून ती आमच्या घरात कोणी वापरली नाही. उंटाला हे काटे आवडतात, म्हणून हे नाव, असे म्हणतात. आमच्या शेळ्या मात्र फुलोऱ्यावर आलेल्या झाडाला तोंड लावत नाहीत.

काढाचूर्ण:
मी आयुर्वेदाचा व्यवसाय करतो. उष्ट्रकंटक या नावाने आपल्या परंपरेत ही वनस्पती ओळखली जाते. ती कडू, उष्ण आणि लघवी साफ करणारी मानतात, आणि भूक मंदावणे, जीर्ण ताप, खोकला, लघवीची जळजळ अशा तक्रारींत मुख्यतः मुळाची साल वापरतात, बी नव्हे. आजींनी सांगितलेली प्रथा अनेक भागांत आढळते. कमरेला मुळी बांधल्याने प्रसूती सुलभ होते असे मी म्हणणार नाही, परंतु त्याच समजुतीच्या आधारे काही ठिकाणी ती उगाळून पोटातही देतात, आणि म्हणून गरोदर स्त्रीने तिच्यापासून दूरच राहावे.

एक अवांतर. पिवळ्या चिकामुळे पिवळ्या धोत्र्यालाच ग्रंथांतील स्वर्णक्षीरी समजून वापरणारे आजही भेटतात. हे झाड मूळचे मेक्सिकोकडचे असून युरोपीय लोकांच्या येण्यानंतर आपल्याकडे आले, तेव्हा चरकसंहितेतील स्वर्णक्षीरी हे झाड असूच शकत नाही. एका झाडाचे नाव दुसऱ्याला चिकटण्याचा हा प्रकार मोबाईलच्या फार आधीपासून चालू आहे.

आबांसाठी सांगायचे तर, खरे मिल्क थिसल मिळाले तरी त्याचा काढा फारसा उपयोगाचा नाही, कारण सिलिमरिन पाण्यात नीट विरघळत नाही. आणि यकृतावरील चरबीत त्याचा किती लाभ होतो याविषयी अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वजन, साखर आणि मद्यपान असल्यास ते, या तीन गोष्टींकडे आधी पाहावे. आबांना मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही चूर्ण सुरू करू नये.

पांझराकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी ओसरीतली पिशवी वर्तमानपत्रावर उपडी केली. वीस-पंचवीस गोल चेंडू निघाले. उरलेली सगळी लांबट बोंडे होती, त्यांतली काही उकललेली, आणि कागदावर काळे बी सांडले होते. माझ्या हातून ते मोहरीच्या डब्यात गेले असते तर मला स्वतःला वेगळे करता आले नसते. चुलतभावाला घेऊन बांधावर गेलो आणि त्याने ज्या झाडांची बोंडे तोडली होती त्यांतल्या एकाचा देठ मोडला, तर बोटे पिवळी झाली. सगळे बी, कागदासकट, गुरे जात नाहीत अशा ठिकाणी खोल पुरले आहे. आबांच्या मधुमेहाच्या गोळ्या खरोखरच चालू आहेत. सोमवारी त्यांना तपासणीला नेतो आहे.