महापौर : एकच शब्द, किती पदांना?

विचारणा (नाशिकरोड) : लंडनविषयीच्या लेखात मी तिथल्या मेयरना ‘महापौर’ म्हटले. नाशिकच्या महापौरांना नसलेले अधिकार ज्या पदाला आहेत त्याला हाच शब्द कसा, असा आक्षेप एका वाचकांनी घेतला. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद : ‘पुर’पासून ‘पौर’, म्हणजे नगरजन, आणि त्यांतला जो थोर तो महापौर, अशी शब्दाची घडण आहे, त्यात मान आहे, अधिकाराचा उल्लेख नाही. हा शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनी रूढ केला असे मानले जाते. गंमत म्हणजे त्यांच्या जन्मगावी, भगूरला, नगरपालिका असल्यामुळे तिथे महापौर नसतो, नगराध्यक्ष असतो. मुंबईतही १९३१ पर्यंत हे पद ‘प्रेसिडेंट’ या नावाने ओळखले जाई आणि जे. बी. बोमन-बेहराम हे ‘मेयर’ म्हणवले गेलेले पहिले. त्यामुळे फिरोजशहा मेहतांना ‘मुंबईचे महापौर’ लिहिणे काटेकोरपणे चूकच. ते अध्यक्ष होते.

प्रतिसाद : अधिकारांबाबत आक्षेप रास्त आहे. मुंबईच्या १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे सरकारनियुक्त आयुक्तांच्या हाती दिली आणि नाशिकला लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यानेही तीच रीत चालू ठेवली. राजीव गांधी भवनातल्या महासभेत महापौर पीठासनावर बसतात, लक्षवेधी कोणाची घ्यायची ते ठरवतात, सभा तहकूब करतात; पण फाइलवर सही आयुक्तांची आणि खर्चाच्या मंजुरीसाठी धाव स्थायी समितीकडे. विरोधक चिडले की धावून जातात तेही महापौरांसमोरच्या राजदंडाकडे, आणि दुसऱ्या दिवशी बातमीत ‘राजदंड पळवला’ असे येते! मानाच्या पदावर राग काढायलाही मानाचीच वस्तू लागते.

राजधानीच्या शहरांत हे अधिकच जाणवते, कारण आपल्या दाराशी दुसरे बलवान सत्तापीठ उभे राहिलेले कोणत्याही सरकारला फारसे रुचत नाही. पॅरिसला १८७१ नंतर थेट १९७७ पर्यंत महापौरच नव्हता. मग झाक शिराक निवडून आले आणि पुढे राष्ट्राध्यक्षही झाले, म्हणजे सरकारांची धास्ती अगदीच अनाठायी नव्हती. दिल्लीत १९५८ मध्ये अरुणा असफ अली पहिल्या महापौर झाल्या, परंतु तिथे महापौरपदाची मुदत एकच वर्षाची आणि पोलीस केंद्राकडे.

विचारणा करणाऱ्यांकडून : मग लंडनचे काय करावे?

प्रतिसाद : लंडनमध्ये पदेच दोन आहेत. ‘सिटी’ या जुन्या, जेमतेम चौरस मैलाच्या भागाचा लॉर्ड मेयर वर्षभरासाठी असतो आणि ती परंपरा बाराव्या शतकापासूनची आहे. त्याला ‘लॉर्ड मेयर’च राहू द्यावे. संपूर्ण महानगराचे, मतदारांनी थेट निवडलेले पद २००० साली निर्माण झाले आणि शहराची वाहतूक त्याच्या अखत्यारीत येते. तिथे ‘महापौर’ निःशंक लिहावे, फक्त पहिल्या उल्लेखात ‘थेट निवडून आलेले’ एवढे जोडावे, कारण आपल्याकडे महापौरांना नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी.

पुरवणी : स्त्रीलिंगी रूप करू नये. सुलोचना मोदी १९५६ मध्ये ‘मुंबईच्या पहिल्या महिला महापौर’ झाल्या. ‘महापौरा’ कोणी लिहिल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.