वणव्याच्या धुराची सूचना: सर्वांना एकच मजकूर पुरेल का?

प्रश्न: कॅलिफोर्नियात वणवे पेटले की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाचा (एक्यूआय; आकडा जितका मोठा, तितकी हवा वाईट) आकडा तेवढा टाकला जातो. भारतातून आलेले आई-वडील, दम्याची मुले असलेली कुटुंबे आणि उन्हातान्हात काम करणारे यांसाठी मजकूर वेगवेगळा असावा का?

उत्तर १: अवश्य असावा. निर्देशांक १०१ ते १५० असताना इशारा मुख्यतः दमा किंवा हृदयविकार असलेले, ज्येष्ठ, मुले आणि गर्भवती यांच्यासाठी असतो. परंतु नुसते ‘संवेदनशील गट’ असे लिहिले, तर रोज तासभर चालणारे सत्तरीतले काका स्वतःला त्यात धरतच नाहीत. त्यांना ‘आज फिरायला जाऊ नका, खिडक्या लावून घ्या आणि देवघरात उदबत्ती-धूप लावू नका’ असे थेट सांगावे. (तळणही त्या दिवशी टाळलेले बरे.)

उत्तर २: शेतमजुराला ‘घरात थांबा’ सांगणे म्हणजे मजुरी सोडा म्हणण्यासारखेच आहे. धुरातल्या सूक्ष्मकणांचा (पीएम २.५) निर्देशांक १५१ किंवा अधिक झाल्यास, बाहेर काम करणाऱ्यांना एन-९५ मास्क उपलब्ध करून देणे राज्याच्या नियमानुसार मालकावर बंधनकारक आहे. संदेशाची पहिली ओळ हीच हवी, तीही स्पॅनिश आणि पंजाबीत. मिश्तेको (मेक्सिकोतली एक आदिवासी भाषा) बोलणाऱ्या अनेकांसाठी छापील पत्रकापेक्षा ध्वनिमुद्रित सूचना अधिक उपयोगी पडते.

उत्तर ३: एक पुरवणी: ओला रुमाल हे सूक्ष्मकण अडवत नाही, हे आजी-आजोबांना आवर्जून कळवावे. एअर प्युरिफायर परवडत नसल्यास बॉक्स पंख्याला मर्व-१३ (सूक्ष्मकण अडवणाऱ्या दर्जाचा) फिल्टर लावण्याची कृती छायाचित्रांसह पाठवावी.