बारा वर्षांच्या आतली मुलं, डिस्नी आणि हा ऑगस्ट

केतकी_फ्लोरिडा (7 ऑगस्ट 2021, सकाळी)

परवा इथे कोविडच्या साथीत मुलांना घेऊन केलेल्या सहलीवर ‘घाबरू नका, बिनधास्त जा’ या मथळ्याचा लेख आला. चार वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा, 30 जुलै ते 2 ऑगस्ट फ्लोरिडातल्या ऑर्लँडोजवळचं डिस्नी वर्ल्ड. शेवटचं वाक्य: ‘ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसावं, आम्हाला नावं ठेवू नयेत.’ प्रतिसाद लिहायला घेतला तो इतका वाढला की वेगळा धागा काढावा लागला.

मी ऑर्लँडोपासून तासाभराच्या अंतरावर रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. व्हेंटिलेटर लावणं, सांभाळणं, काढणं हे माझं रोजचं काम. तुम्ही पार्कात होतात त्याच 31 जुलैला आमच्या राज्याचा एका दिवसातल्या नव्या कोविड रुग्णांचा आकडा जाहीर झाला, 21,683. दुसऱ्या दिवशी दवाखान्यांत दाखल असलेल्यांची संख्या दहा हजारांवर गेली. साथ सुरू झाल्यापासून इतकी कधीच नव्हती. त्यात एरवी थंडीत येणारा आरएसव्ही, म्हणजे लहान बाळांच्या श्वासावर उठणारा विषाणू, यंदा उन्हाळ्यातच आलाय. गेल्या रविवारी सात महिन्यांच्या बाळाला ऑक्सिजन लावताना त्याची आई मला विचारत होती, आम्ही कुठे चुकलो? काय सांगू तिला?

गेल्या वर्षी 11 जुलैला पार्क उघडलं तेव्हा मी कुणाला अवाक्षर बोलले नाही. तेव्हा दारात ताप मोजत होते, रांगेत सहा फुटांवर खुणा होत्या, आतिषबाजी बंद होती, माणसं मोजून आत सोडत होते. आता ताप मोजणं बंद, खुणा गेल्या, रात्री आतिषबाजीला डिस्नीच्या किल्ल्यासमोर पुन्हा गर्दी. मास्क 30 जुलैला परत आला, तोही छताखालीच. समोर कोविडचा जास्त वेगाने पसरणारा प्रकार, डेल्टा, आणि बाराच्या आतल्यांना अजून लस नाही. काळजी कमी झाली आणि धोका वाढला, त्या महिन्यात तुम्ही ‘बिनधास्त’ म्हणताय.

एकच विचारते. परत आल्यावर मुलांची चाचणी केलीत का? लेखात त्याचा उल्लेख नाही.

वाटसरू_ह्यूस्टन

तो लेख माझाच. ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण आमच्या घरात गेले दीड वर्ष काय चाललंय हे तुम्हाला माहीत नाही.

धाकटा पहिला वाढदिवस झाल्यापासून चार भिंतींत आहे. दुसरं मूल दिसलं की माझ्या पायांमागे लपायचा. दोन वर्षांचा झाला तरी पाच-सहा शब्दांपलीकडे बोलत नव्हता. स्पीच थेरपी स्क्रीनवर, आणि तो स्क्रीनला पाठ करून बसायचा. सफारीच्या उघड्या ट्रकमध्ये जिराफ अगदी जवळून गेला तेव्हा ओरडला, ‘आई, मान बघ!’ तीन शब्दांचं पहिलं वाक्य. हे कुठल्या आकड्यात बसवायचं?

आम्ही विमानाने गेलो नाही, गाडीने गेलो. हॉटेल घेतलं नाही, घर भाड्याने घेतलं. आतल्या राइड टाळल्या, जेवलो बाहेरच्या बाकांवर. आम्हा दोघांचे दोन्ही डोस झालेत. यापेक्षा जास्त काय करायचं?

आणि तीन वर्षांखाली तिकीट लागत नाही म्हणून घाईने गेलात, असं तिकडे लेखाखाली एकाने लिहिलंय. हो, तेही कारण होतं. गेल्या वर्षी बायकोची नोकरी गेली, एक तिकीट वाचणं आम्हाला मोठं आहे. यात लाज कसली?

शमा_के

केतकीशी शंभर टक्के सहमत. शिवाय अडीच वर्षांचं पोर ऑगस्टच्या त्या उकाड्यात मास्क लावून? आमची पाच मिनिटांत ओढून काढते, चघळते, खाली टाकून परत लावते. त्याने काय थांबतं? पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनेच म्हटलंय.

केतकी_फ्लोरिडा

शमा, इथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी दोन वर्षांच्या वयापासून लावा म्हणतात, आणि मी त्यांच्या बाजूची आहे. तुझा प्रतिसाद माझ्या बाजूने आहे, पण मास्कबद्दल नाही. लावता येत नसेल तर गर्दीत नेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

अनय_एनजे

मुलांना कुठे न्यायचं यावर भांडायला लोकांकडे जागा आहे, हे वाचूनच बरं वाटत नाहीये.

माझे बाबा 9 मेला सांगलीत गेले. 4 मेपासून भारतातून इथे अमेरिकेत यायला बंदी. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर आहे, स्टँपिंग (पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का) संपलेलं. गेलो असतो तर परत कधी येता आलं असतं कुणी सांगेना. इथे बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. अग्नी चुलतभावाने दिला. मी फोनच्या पडद्यावर बघितलं, मध्येच रेंज गेली. आणि त्याच आठवड्यात माझ्या ओळखीच्यांचे मिकीच्या किल्ल्यासमोरचे फोटो येत होते.

नियमावली

अनय, वाईट वाटलं. पण माहिती अचूक हवी म्हणून लिहितो. मुलगी इथे जन्मली असेल तर ती नागरिक आहे, आणि नागरिक असलेल्या अल्पवयीन मुलांच्या आईवडिलांना त्या बंदीतून सूट होती. आदेशातच लिहिलंय. तुम्ही जाऊन परत येऊ शकला असता.

अनय_एनजे

तुम्ही हे मला आज सांगताय?

आदेश मी तेव्हा वीस वेळा वाचला. सूट बंदीतून होती, व्हिसातून नव्हे. माझ्या पासपोर्टवर चालू व्हिसा नव्हता. 3 मेपासून भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं. कुठे जाऊन शिक्का मारून घेणार होतो? वडील गेलेल्या माणसाला ‘जाऊ शकला असता’ असं लिहिण्याआधी एकदा विचारायचं होतंत.

नियमावली

तातडीच्या अपॉइंटमेंटसाठी अर्ज करता येत होता. माझ्या मेव्हण्याला जूनमध्ये मिळाली.

अनय_एनजे

जूनमध्ये. बाबा मे महिन्यात गेले.

मीनल_डॅलस

नियमावली, पुरे करा. मेव्हण्याला मिळाली म्हणून सगळ्यांना मिळते असं नसतं. माझ्या बहिणीने तातडीचा अर्ज दोनदा केला, दोनदा नाकारला. ती जानेवारीपासून नाशकात अडकलीय, नवरा इथे. बंदी नसलेल्या देशांतले लोक प्रवासी म्हणून फिरून येतायत आणि कर भरणारी माणसं दाराबाहेर. यावर कोणी धागा का काढत नाही?

नियमावली

‘जाऊ शकला असता’ हे वाक्य मागे घेतो. चालू व्हिसा नसेल तर सूट निरुपयोगी होती, हे मान्य. बाकीची माहिती बरोबर आहे, ती इतरांसाठी राहू द्यावी.

सातारची_आजी

मी एरवी फक्त वाचते. माझी नात अटलांटाला आहे, पुढच्या महिन्यात दोन वर्षांची होईल. अजून मांडीवर घेतलेली नाही. मुलगा विचारतो, आई, हिला कुठे बाहेर नेऊ का? मी म्हणते ने रे बाबा, झाडं दाखव, माणसं दाखव. मूल वाढायचं थांबत नाही. पण केतकीताईंचं वाचून रात्री त्याला फोन केला, म्हटलं बागेत ने, तळ्यावर ने. एवढ्या गर्दीत नको. वाटसरूंनाही माझं हेच सांगणं. तुमच्या लेकराला जिराफ हवा होता, तो गावातल्या प्राणिसंग्रहालयातही असतो.

वाटसरू_ह्यूस्टन

आजी, ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात जिराफ आहे. तो माझ्या लक्षातच आला नव्हता, कारण दीड वर्ष मनात डिस्नीच धरून बसलो होतो. तरीही गेलो ते चूक झालं असं मी म्हणणार नाही.

केतकी_फ्लोरिडा

म्हणू नका. तुमच्या मुलाचं वाक्य मी काल ड्यूटीवर मैत्रिणीला सांगितलं, तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. दीड वर्ष घरात कोंडलेल्या मुलांचं काय होतं हे माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवं होतं, आलं नाही. पण तुमचा लेख वाचून उद्या दहा घरं निघतील. त्यांतली सगळी बाहेरच्या बाकांवर जेवणार नाहीत. माझा प्रश्न तसाच आहे.

वाटसरू_ह्यूस्टन (8 ऑगस्ट, रात्री)

नाही केली. ताप-खोकला काही नव्हतं, आणि धाकट्याच्या नाकात काडी घालायचं जिवावर आलं होतं. हे लेखात लिहायचं मुद्दाम टाळलं.

उद्यापासून धाकटा पहिल्यांदा डेकेअरला जाणार होता. तिथे खोलीत नऊ मुलं आहेत. बाईंना फोन करून बुधवारपासून पाठवतो म्हणालो. दोघांच्या चाचणीसाठी सकाळी सव्वानऊची वेळ मिळाली आहे.

मथळ्यातला ‘बिनधास्त’ काढलाय. शेवटचं वाक्यही. बाकी लेख तसाच ठेवतोय.

अनय, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. माझ्या ऑफिसातल्या एकाचं स्टँपिंगचं काम गेल्या आठवड्यात झालं. कागद कुठले लावले ते त्याच्याकडून मागवलंय.