लाइट गेली की कॉम्प्युटर थेट २०१३ मध्ये जातो. मदरबोर्ड खरंच गेलाय का?

कोयनाकाठ
मंडळी, जरा सल्ला हवाय. घरी २०१४ मध्ये पुण्यातून असेंबल करून आणलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी रॅम, नंतर एसएसडी टाकला, विंडोज १०. मशीन आजही छान पळतं. अण्णा त्यावर इनस्क्रिप्टमध्ये (मराठी कीबोर्डच्या मांडणीत) भजनी मंडळाचे अभंग टाइप करतात. भाचा सुट्टीला आला की एज ऑफ एम्पायर्स २ खेळायला बसतो. माझे बँकेचे, विजेच्या बिलाचे व्यवहारही त्यावरच, कारण मोबाइलच्या छोट्या स्क्रीनवर पैशांचं काम करायला मला आवडत नाही.

पावसाळा लागल्यापासून आमच्याकडे लाइट तासन्‌तास जाते. आल्यावर बटण दाबलं की आधी काळ्या स्क्रीनवर सीमॉसबद्दल एक ओळ येते आणि एफ-१ दाबायला सांगते. दाबलं की विंडोज नीट सुरू होतं, पण कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१३! मग क्रोम मेल उघडू देत नाही, बँकही नाही. तुमचं घड्याळ मागे आहे, असं इंग्रजीत लिहून येतं. गेम जिथून चालतो त्या स्टीमलाही लॉगिन होत नाही. तारीख हाताने दुरुस्त केली की सगळं सुरळीत, पुन्हा लाइट जाईपर्यंत. मला कोडं पडलंय ते हे की रोज रात्री नुसतं शटडाउन केलं तर तारीख अजिबात बिघडत नाही.

तालुक्याच्या दुकानात नेलं होतं. कॅबिनेट न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, या पिढीचा बोर्ड आता मिळत नाही, नवीन सेट घ्या. अण्णा म्हणतात घेऊन टाक. माझा जीव मात्र या मशीनमध्ये अडकलाय. कुणाला असा अनुभव आहे का?

सोल्डरगन
बोर्ड ठणठणीत आहे. सेल संपलाय. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल असतो, सीआर२०३२. मशीनची वीज पूर्ण तुटली की आतलं घड्याळ आणि बायोसची, म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, सेटिंग्ज त्याच्या जिवावर राहतात. ही सेटिंग्ज जिथे साठवलेली असतात तेच तुमच्या स्क्रीनवरचं सीमॉस. तो ३ व्होल्टचा लिथियम सेल असतो आणि चार्ज होत नाही. २०१४ चा सेल इतकी वर्षं टिकला हेच खूप झालं.

तुमच्या कोड्याचं उत्तरही यातच आहे. शटडाउन केलं तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बोर्डाला ५ व्होल्टची बारीकशी वीज पुरवत राहतो. घड्याळ त्यावर चालतं, सेलला हात लागत नाही. लाइट गेली की सगळा भार सेलवर येतो आणि तुमचा सेल तो पेलू शकत नाही. लक्षणं इतकी स्पष्ट आहेत की दुकानदाराने एकदा कॅबिनेट उघडायला हवं होतं. चांगली मशीन्स अशी भंगारात जातात याचं मला फार वाईट वाटतं.

घड्याळाच्या दुकानात सेल पन्नासेक रुपयांत मिळेल. नंबर सांगूनच घ्या. २०३२ म्हणजे व्यास २० मिमी, जाडी ३.२ मिमी. सीआर२०२५ दिसायला तसाच असतो, पण पातळ, त्यामुळे सैल बसतो. आधी प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मग आत हात घाला. सेलच्या कडेला छोटी पट्टी असते, ती नखाने बाजूला सारली की सेल उचलून वर येतो. स्क्रूड्रायव्हर घुसवू नका. नवा सेल बसवताना अधिकची खूण वर.

सेल बदलल्यावर बायोसचं काय, ही भीती नको. तुमचं विंडोज आत्ताही लाइट गेल्यावर डीफॉल्ट सेटिंग्जवरच सुरू होतंय. बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ भरा, सेव्ह करा, झालं.

(त्या घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे एक सेकंद. मला हे फार सुंदर वाटतं.)

रात्रपाळी
सोल्डरगन यांच्याशी सहमत. साइट का उघडत नाहीत ते सांगतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. ब्राउझर ते तुमच्या घड्याळाशी ताडून बघतो. तुमच्याकडे २०१३ असेल तर आजचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून तो अडवतो. विंडोज इंटरनेटवरून वेळ घेतं, पण घरगुती मशीनवर ती सेवा साधारणपणे १५ तासांपर्यंतचाच फरक आपणहून भरून काढते.

बँकेच्या पानावर अशी सूचना आली तर 'तरीही पुढे जा' कधीच करू नका. आधी तारीख बघा.

आणखी एक, हे खरं महत्त्वाचं. तारीख चुकलेली असताना अण्णांनी ज्या फायली सेव्ह केल्या त्यांच्यावर २०१३ चा शिक्का पडलाय. 'फक्त नवीन फायली कॉपी कर' असा बॅकअप लावला असेल तर तो त्या फायली जुन्या समजून सोडून देतो. अभंगांचं फोल्डर आधी तपासा.

माईची_लेक
मी दवाखान्यात नर्स आहे. घरात लहान मूल असेल तर जुना सेल टेबलावर सोडू नका. गिळला गेला तर अन्ननलिकेत दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते, संपलेल्या सेलनेसुद्धा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

कोयनाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सेल आणला. जुना मल्टिमीटरवर २ व्होल्टच्याही खाली दाखवत होता. नवा बसवून प्लग मुद्दाम दिवसभर काढून ठेवला, संध्याकाळी लावला. तारीख बरोबर, बँक उघडली, स्टीमही. अण्णा शेजारी खुर्ची टाकून सगळं बघत होते. नवीन सेटचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला.

रात्रपाळी, तुमची शंका खरी निघाली. जूनपासून अण्णांनी दुरुस्त केलेले बरेच अभंग पेनड्राइव्हवर जुन्याच रूपात होते. आता सगळं फोल्डर नव्याने कॉपी केलंय. ताई, सेल चिकटपट्टी लावून डबीत ठेवलाय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ची अट आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरची, त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकायचा विचार आहे. त्यात इनस्क्रिप्ट आणि एज ऑफ एम्पायर्स कसं जमतं ते विचारायला वेगळा धागा काढतो.