हुशार मुलांना मोठेपणी नक्की काय व्हायचं असतं? आमची म्हणते मुंग्या!

नाशिकची_आई
नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे, पाचवीला स्कॉलरशिप मिळालेली, सहावीत होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत मेडल, त्यामुळे घरात आणि सोसायटीत 'हुशार' असा शिक्का कधीच बसलाय. मध्यंतरी एका मंडळाचा गुणगौरव सोहळा होता, तुम्हाला माहीतच असतील असले कार्यक्रम, गुलाबाचं फूल, ट्रॉफी, वॉटर बॉटल आणि न संपणारी भाषणं. निवेदकाला काय हुक्की आली कोण जाणे, प्रत्येक मुलासमोर माईक धरून विचारायला लागला की बाळा तू मोठेपणी कोण होणार. पहिला आयएएस, दुसरी कार्डिऑलॉजिस्ट (सातवीतली!), मग परत आयएएस, एक एआय इंजिनिअर, आणि एक जण नुसतंच 'आयआयटी मुंबई' म्हणाला, म्हणजे तो बहुतेक इमारतच होणार. आमची म्हणाली, मला मुंग्यांचा अभ्यास करायचाय. अख्खा हॉल हसला. तिला काही वाटलं नाही, मलाच कसंतरी झालं.

आता हे खूळ नाहीये हो. गच्चीच्या कठड्यावर एका बाजूला साखर, एका बाजूला रवा ठेवते आणि रांग कुठे वळते ते वहीत लिहिते. मग रांगेवरून ओला फडका आडवा फिरवते आणि घड्याळ लावून बसते, रांग परत जुळायला किती वेळ लागतो बघायला. सासूबाई म्हणतात सुट्टीत बघ मुंग्या, आधी मेडिकलचं बघ. नववीपासून फाउंडेशन (म्हणजे नीट-जेईईची आधीपासून तयारी करून घेणारा क्लास) लावायचं की नाही यावर घरात रोज वाद.

तर विचारायचं असं की तुमच्या वर्गातल्या हुशार मुलांना काय व्हायचं होतं आणि झालं काय? आणि मुंग्यांच्या वाटेने खरंच कुठे जाता येतं का?

वामकुक्षी
आयआयटीची इमारत =))

आमच्या वेळी बोर्डाची मेरिट लिस्ट असायची. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, आई पेढा भरवतेय, बाबा मागे उभे, आणि खाली ठरलेलं वाक्य, 'डॉक्टर होऊन गोरगरिबांची सेवा करायचीय'. आमच्या वर्गातला पहिला पण हेच म्हणायचा, आज तो बंगळुरूत सॉफ्टवेअर करतो आणि उत्तम करतो. पंधरा वर्षांच्या पोराला काय माहीत असणार, समोरच्याला काय ऐकायचंय ते हुशार मुलांना बरोब्बर कळतं आणि ते तेच सांगतात, पेपर सोडवल्यासारखं. तुमच्या मुलीने निवेदकाला आउट ऑफ सिलॅबस उत्तर दिलं एवढंच.

मांजराकाठचा
लातूरला शिकवतो, बायोलॉजी. वरच्या दोन्ही पोस्ट वाचून हसू आलं पण एक बाजू सांगतो. आमच्याकडे उदगीर, अहमदपूर, पार कंधार-मुखेडकडनं पोरं येतात, खोली करून राहतात, मेसचा डबा आणि स्टडी रूम, बास. कुणालाही विचारा, एमबीबीएस. २०२४ ला देशात २३ लाखांवर पोरं नीटला बसली आणि एमबीबीएसच्या जागा लाखाच्या जरा वर, त्यातल्या सरकारी फीच्या निम्म्याच्या आसपास. हे पोरांना पाठ असतं, तरी उत्तर बदलत नाही.

शहरातल्या लोकांना वाटतं ही घोकंपट्टीवाली पोरं, स्वप्नं पण कॉपी-पेस्ट. पण गावाकडच्या पोरानं बघितलेली यशस्वी माणसं किती? तालुक्याचा डॉक्टर, जीपमधनं उतरणारा तहसीलदार, आणि गुरुजी. मुंग्यांवर पगार मिळतो हे त्याला कोण सांगणार? मला स्वतःला एमएस्सीला जाईपर्यंत माहीत नव्हतं. कोरडवाहू चार एकरवाल्याच्या पोरानं डॉक्टर म्हणणं ह्यात कल्पनेची गरिबी नाही, हिशोब आहे. तुमच्या घरात तशी घाई नसेल तर फाउंडेशन दोन वर्षं राहू द्या की. अकरावीत आल्यावर मन लावून केलेलं पुरतं, हे क्लासवाले सांगणार नाहीत, मी सांगतो.

रोखठोक_बाबा
सगळं छान आहे पण मुंग्या बघून ईएमआय भरला जात नाही. छंद म्हणून ठेवा, पीसीएमबी घ्या, दोन्ही दारं उघडी राहतात, नीट नाहीतर जेईई काहीतरी होईल. हुशार मुलांचं नुकसान आवडीच्या मागे लागूनच होतं असं माझं मत, मार्क कमी असलेली मुलं मुकाट्याने कामाला लागतात आणि तिशीत फ्लॅट घेतात. राग नसावा.

गांधीलमाशी
रोखठोक, राग नाही पण दुसरी बाजू लिहिते, कारण मी हेच काम करते (मुंग्या नाहीत, जवळचे नातेवाईक).

वाट आहे आणि बरीच सरळ आहे. बारावी सायन्सनंतर आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारी संस्था, पुण्याची २००६ ला सुरू झाली. पाच वर्षांचा बीएस-एमएस, प्रवेश आयएटी या वेगळ्या परीक्षेतून. केव्हीपीवाय ही विज्ञानाची शिष्यवृत्ती होती ती २०२२ मध्ये बंद करून केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीत घातली, त्यात बसलात तर वर्षाला ८० हजार मिळतात. पुढे पीएचडी, तेव्हा मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप आत्ता महिना ३७ हजार. आता कटू भाग, पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज जातात, मग परदेशात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि पर्मनंट नोकरी लागेपर्यंत पस्तिशी येते, फेलोशिपचे पैसे कधीकधी महिनोन्महिने उशिरा येतात तेव्हा घरभाडं कुणाकडून तरी उसनं घ्यावं लागतं. हे लपवून कुणाला या वाटेला लावू नये. पण उपाशी कुणी मरत नाही.

माणसं हवी असतील तर, बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी आयुष्यभर गांधीलमाश्यांच्या वसाहती बघितल्या, राणी कोण होते, राणी गेली की पुढची कोण, असले प्रश्न. त्यांची पीएचडी रेणूजीवशास्त्रातली, माश्या बघणं आधी नुसता छंद होता, मग तेच मुख्य काम झालं. आपल्याकडचे कृष्णमेघ कुंटे गरवारे कॉलेजात शिकले, आज बंगळुरूलाच एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत फुलपाखरांवर संशोधन करतात.

आणि तो ओला फडका! ताई, तो खरा प्रयोग आहे. मुंग्या जाताना वासाचा माग सोडतात, फडक्याने तो पुसला जातो, म्हणून दोन्हीकडच्या मुंग्या कडेला येऊन चाचपडतात. तिला म्हणावं एकदा कोरडा फडका पण फिरव आणि दोन्हीच्या वेळा शेजारी शेजारी लिही. उत्तर आधी सांगू नका.

रोखठोक_बाबा
पस्तिशी म्हणजे तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात :)

गांधीलमाशी
एमबीबीएस, मग पीजीसाठी दोनदा नीट, मग बाँडची सक्तीची सरकारी सेवा, मग सुपरस्पेशालिटी, ती कार्डिऑलॉजिस्ट पण पस्तिशीलाच सेटल होते. तिला कुणी हसत नाही एवढाच फरक.

बांधावरून
तुम्ही सगळे आयसर आणि बंगळुरू करताय, कृषी कुणाला आठवलंच नाही. बीएस्सी ॲग्री करून राहुरीच्या कृषी विद्यापीठात कीटकशास्त्रात एमएस्सी केलं मी. २०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात काय हाल झाले आठवतंय का, आणि २०१८ पासून मक्यावर अमेरिकन लष्करी अळी. मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांत, हात घातला की भुसा भरल्यासारखी विष्ठा आणि आत ती अळी, डोक्यावर उलटा वाय. शेतकरी रात्री फोन करतो, साहेब कोणतं औषध मारू, आणि निम्म्या वेळा उत्तर असतं की थांबा, आधी सापळ्यात पतंग किती सापडतात ते मोजा. कीटक बघायची सवय असलेलं माणूस इथं फार लागतं हो. एमएचटी-सीईटीतून प्रवेश होतो, फी सरकारी कॉलेजात झेपणारी. पण शहरातल्या हुशार मुलांच्या यादीत शेतकी कॉलेज नसतंच, मेडिकल हुकलं की मग आमच्याकडे येतात आणि पहिलं वर्ष सुतक पाळल्यासारखं काढतात.

अकरावी_अ
मी अकरावीत आहे. दहावीला ९६ टक्के. मला इतिहास घ्यायचा होता, खरंच, किल्ल्यांचे नकाशे काढायला आवडतात. अकरावी प्रवेशाच्या फॉर्मच्या भाग दोनमध्ये आर्ट्स टाकलं तर सायबर कॅफेवाल्या काकांनी पण विचारलं चुकून झालं का. शेवटी सायन्स घेतलं. आता कुणी विचारलं की मी आयएएस सांगतो कारण ते सांगितलं की पुढचे प्रश्न येत नाहीत, सगळे खूश होऊन चहा प्यायला लागतात. खरं उत्तर दिलं की अर्धा तास जातो. मुलांची उत्तरं एकसारखी का असतात असं वर कुणीतरी लिहिलंय म्हणून सांगितलं.

मांजराकाठचा
@अकरावी_अ, बारावी सायन्सनंतर बीएला इतिहास घेता येतो बरं का, कुठलंही दार बंद झालेलं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व नक्की बघून ठेव, तिथं नकाशे काढणारी माणसं लागतात.

नाशिकची_आई
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कोरड्या फडक्याचं सांगितलं, लगेच वर पळाली. बांधावरून, कृषीचं डोक्यातच आलं नव्हतं, सासरे शेतकरी आहेत, त्यांना तुमची पोस्ट वाचून दाखवली तर म्हणाले, हे बघा, हे कामाचं. फाउंडेशनचा वाद चालूच आहे, पण निदान या वर्षी नाही असं ठरलंय. तिला ही कामं करणारी माणसं प्रत्यक्ष दाखवायला नाशिकहून कुठे नेता येईल?

वामकुक्षी
२८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो, तेव्हा नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. मुंग्यांशी संबंध शून्य, पण शास्त्रज्ञ समोर उभे राहून काहीही विचारलं तरी सांगतात आणि आजूबाजूच्या शाळांची पोरं आपापले प्रोजेक्ट मांडून बसलेली असतात, आमचा भाचा त्या प्रोजेक्टवाल्यांपाशीच अडकला होता. नाशिकहून संगमनेरमार्गे हायवेने सरळ या. तोबा गर्दी असते, सकाळी लवकर निघा आणि डबा घरून न्या.